एका दांताची ओळख

प्राण्याच्या देहांत दांताइतकी टिकाऊ वस्तु दुसरी नाहीं. मांस सडतें, कातडें गळून जातें, हाडांचाही ऊनपावसानें भुगा होतो. पण दांतावर दंतवल्काचें जें कठीण कवच असतें तें कोट्यवधि वर्षे गाळाखालीं पडून राहिल्यावरही जवळजवळ जसेंच्या तसें बाहेर येतें. त्यांतही डायनोसॉर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन प्राण्यांची एक तऱ्हा होती. माणसाचे दुधाचे दांत एकदां पडले कीं दुसरे येतात आणि तेवढ्यावर कारभार आटोपतो. त्या प्राण्यांचें तसें नव्हतें. जुना दांत झिजला कीं खालून नवा वर येई, आणि हा क्रम जन्मभर चाले. एकेका प्राण्यानें आपल्या हयातींत कितीतरी दांत टाकून दिले असले पाहिजेत. म्हणूनच जीवाश्म जमविण्याचा छंद असलेल्या सामान्य गृहस्थाच्या हातीं आख्खा सांगाडा बहुधा कधींच लागत नाहीं. लागतो तो एखादा सुटा दांत. छंदाची गोडी तेथूनच सुरू होते, आणि अडचणही तेथूनच. हा दांत कोणाचा?

या एका प्रश्नापायीं एका इंग्रज शस्त्रवैद्यानें आपला धंदा आणि संसार पणाला लावला. त्याचें नांव गिडिअन मॅन्टेल. त्याचा जन्म १७९० सालीं इंग्लंडच्या दक्षिणेकडील ससेक्स परगण्यांत लुइस या गांवीं झाला. बापाचा धंदा जोडे शिवण्याचा. पंधराव्या वर्षीं मुलगा गांवांतल्याच एका शस्त्रवैद्याच्या हाताखालीं उमेदवारीला राहिला, पुढें लंडनला जाऊन शिकला, आणि १८११ सालीं परवाना मिळवून लुइसला परतला. त्याचा जम लवकर बसला. वर्षाकाठीं २०० ते ३०० बाळंतपणें तो करी. सांथीच्या दिवसांत एकेका दिवशीं पन्नासांहून अधिक रोगी त्याला पाहावे लागत. इतक्या रगाड्यांत माणसाला जेवायला सवड मिळाली तरी पुष्कळ! परंतु मॅन्टेल रात्रीं दिव्यापाशीं बसून दगडांत रुतलेले शिंपले, माशांचे कांटे आणि हाडांचे तुकडे टोंचणीनें मोकळे करीत असे. लहानपणापासूनचा हा नाद त्याला वैद्यकीनें सुटला नाहीं. उलट वैद्यकीमुळें शरीररचनेचें जें ज्ञान झालें तें या नादाच्या कामीं आलें.

ककफील्ड या गांवाजवळ व्हाइटमन्स ग्रीन नांवाची एक दगडखाण होती. रस्ते करण्यासाठीं तेथून दगड काढीत. खाणीच्या मजुरांना मॅन्टेल पैसे देई आणि दगडांत कांहीं हाडासारखें दिसलें कीं ते तें त्याच्याकडे धाडीत. १८२० च्या सुमारास या वाटेनें त्याच्याकडे कांहीं विलक्षण दांत येऊं लागले. रंग काळसर तपकिरी, अंगावर उभे कंगोरे, कडेला बारीक दाते, आणि मुख्य म्हणजे टोंक तिरपें घासून सपाट झालेलें.

या दांतांविषयीं एक आख्यायिका फार प्रसिद्ध आहे. १८२२ सालीं मॅन्टेल एका रोग्याच्या घरीं गेला असतां बरोबर आलेली त्याची पत्नी मेरी अॅन बाहेर रस्त्यावर फेऱ्या मारीत होती, आणि खडीच्या ढिगांत तिला पहिला दांत चकाकतांना दिसला, अशी ती गोष्ट. गोष्ट गोड आहे. परंतु तिला आधार डळमळीत आहे. खुद्द मॅन्टेलनें आधीं हा मान पत्नीला दिला आणि १८५१ सालीं, म्हणजे ती त्याला सोडून गेल्यावर बारा वर्षांनीं, पहिले दांत आपल्यालाच सांपडले असें लिहून ठेवलें. त्याच्या नोंदींवरून १८२० पासूनच खाणीवाल्यांकडून त्याला जीवाश्म मिळत होते हें स्पष्ट होतें. मेरी अॅनचा खरा वांटा आख्यायिकेंत सांगतात त्यापेक्षां अधिक कष्टाचा आहे. १८२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पतीच्या पहिल्या ग्रंथांतील जीवाश्मांचीं चित्रें तिनें स्वतःच्या हातानें धातूच्या पत्र्यांवर कोरलीं. ती मेहनत मात्र आख्यायिकेंत कोणी गुंफली नाहीं.

दांताचें सपाट टोंक हेंच सगळ्या वादाचें मूळ. गाय, घोडा, गेंडा हे प्राणी चारा चघळतात, त्यामुळें त्यांचे दांत घासले जातात. सरडा, मगर, साप हे सरपटणारे प्राणी अन्न चघळीत नाहींत. ते तें तोडतात आणि गिळतात. तेव्हां घासलेला दांत हा सस्तन प्राण्याचा असणार, हें त्या काळचें सरळ तर्कशास्त्र होतें. पण ज्या थरांतून हे दांत आले तो थर फार प्राचीन. मोठे चारा खाणारे सस्तन प्राणी तेव्हां पृथ्वीवर असल्याचा पुरावा कोठेंच नव्हता. मॅन्टेल या दोन गोष्टींच्या कैचींत सांपडला. एकतर थराविषयींची त्याची समजूत चुकीची, किंवा चारा चघळणारा एक अवाढव्य सरपटणारा प्राणी एके काळीं खरोखरच होऊन गेला. दुसरी गोष्ट उघड बोलण्याची सोय नव्हती. असा प्राणी कोणी पाहिलेलाच नव्हता.

१८२२ च्या जूनमध्यें लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या सभेपुढें हे दांत ठेवण्यांत आले. ऑक्सफर्डचा विल्यम बकलंड, विल्यम कोनिबेअर यांच्यासारखे नामांकित पंडित तेथें होते. कोणी म्हणाले हे मोठ्या माशाचे दांत आहेत, कोणी म्हणाले अलीकडच्या काळांतील सस्तन प्राण्याचे असून वरच्या गाळांतून खालीं मिसळले असावेत. एकट्या विल्यम वोलॅस्टन यानें मॅन्टेलची पाठ राखली. आणि वोलॅस्टन हा मुळांत रसायनशास्त्रज्ञ होता!

पुढच्या वर्षीं, २३ जून १८२३ रोजीं, चार्ल्स लायल यानें एक दांत पॅरिसला नेऊन जॉर्ज क्युव्हिए याला दाखविला. मराठींत शितावरून भाताची परीक्षा अशी म्हण आहे. या परीक्षेंत क्युव्हिएचा हात धरणारा त्या काळीं युरोपांत कोणी नव्हता. एका हाडावरून तो सबंध प्राणी उभा करतो अशी त्याची ख्याति होती. त्यानें दांत पाहिला आणि गेंड्याचा पुढचा दांत आहे असें सांगून टाकलें. ही भेट रात्रींच्या एका मेजवानीच्या वेळीं झाली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं क्युव्हिएनें लायलला बोलून दाखविलें कीं, ही वस्तु आपण म्हटली त्याहून अगदीं निराळी दिसते. गंमत अशी कीं, रात्रींचें मत इंग्लंडला पोंचलें; सकाळचें मत पोंचलें नाहीं. मोठ्या माणसाच्या तोंडून निघालेला पहिला शब्द किती लांब जातो याचें हें उदाहरण शास्त्राच्या इतिहासांत कोरून ठेवण्याजोगें आहे. लुइसच्या वैद्याचा मात्र पुढें वर्षभर उपहास झाला.

मॅन्टेलनें वादविवाद वाढविला नाहीं. त्यानें अधिक दांत जमविले. कांहीं पूर्ण घासलेले, कांहीं अर्धे, कांहीं कोरे करकरीत. खाणींतील थर त्यानें पुन्हां तपासले आणि हे दांत वरच्या गाळांतले नव्हेत, त्या जुन्या दगडांतलेच आहेत याची खात्री करून घेतली. १८२४ सालीं त्यानें नवे दांत क्युव्हिएकडे पाठविले. २२ जून १८२४ च्या उत्तरांत क्युव्हिएनें हे सरपटणाऱ्या प्राण्याचे, आणि कदाचित् चारा खाणाऱ्या, असें मान्य केलें. त्याच वर्षीं छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तींत त्यानें आपली चूकही कबूल केली. क्युव्हिएचा मोठेपणा त्याच्या अचूक तर्कांइतकाच या कबुलींत आहे.

आतां उरला प्रश्न, कोणता सरपटणारा प्राणी? त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मॅन्टेल लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या विद्यापीठांतील हंटेरिअन संग्रहालयांत गेला. तेथें हजारों प्राण्यांचीं हाडें व दांत मांडलेले होते. संग्रहालयाचा अधिकारी विल्यम क्लिफ्ट याच्या मदतीनें त्यानें खणामागून खण उघडून पाहिले. जुळणारें कांहींच मिळालें नाहीं. तेव्हां सॅम्युअल स्टचबरी नांवाचा एक मदतनीस पुढें आला. त्यानें अलीकडेच वेस्ट इंडीज बेटांकडील इग्वाना जातीच्या एका मोठ्या सरड्याचा सांगाडा तयार केला होता, आणि त्याचे दांत असेच दिसतात असें त्यानें सांगितलें. सांगाडा आणला गेला. तोच पानासारखा आकार, त्याच कडेच्या बारीक दात्यांच्या ओळी. फरक एवढाच कीं, ससेक्सचा दांत त्याच्या सुमारें वीसपट मोठा होता. पंडितांच्या सभेनें जें ओळखलें नाहीं तें हाताखालच्या माणसानें ओळखलें. त्याचें कारणही साधें आहे. त्या सरड्याचा जबडा नुकताच त्याच्या स्वतःच्या हातांखालून गेला होता.

कोनिबेअरच्या सूचनेवरून मॅन्टेलनें प्राण्याचें नांव ‘इग्वानोडॉन’, म्हणजे इग्वानाच्या दांताचा, असें ठेविलें. १० फेब्रुवारी १८२५ रोजीं रॉयल सोसायटीपुढें त्याचा निबंध वाचला गेला आणि त्याच वर्षीं सोसायटीनें त्याला सभासद करून घेतलें. १८३५ सालीं भूशास्त्र मंडळानें त्याला सुवर्णपदक दिलें. तें पदक वोलॅस्टनच्याच नांवाचें होतें.

एवढें यश पदरीं पडल्यावर कोणाचाही पाय घसरावा. दांत वीसपट, तर प्राणीही त्याच मानानें मोठा, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब करून मॅन्टेलनें इग्वानोडॉनची लांबी सुमारें ६० फूट धरली. प्रत्यक्षांत तो प्राणी तीस-पस्तीस फुटांचा निघाला. १८३४ सालीं मेडस्टन येथील खाणींत हाडांचा एक मोठा गुंता सांपडला. त्यांतील दांतांवरून मॅन्टेलनें तो ओळखला, आणि मित्रांनीं २५ पौंडांस तो खरेदी करून त्याला भेट दिला. हाडांमध्यें एक शंकूसारखा टोंकदार तुकडा होता. गेंड्याप्रमाणें तो नाकावरचें शिंग असावा असें मॅन्टेलला वाटलें. ज्या गेंड्यानें १८२३ सालीं त्याला इतका त्रास दिला तो असा मागच्या दारानें पुन्हां घरांत शिरला! १८५४ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेंत रिचर्ड ओवेनच्या देखरेखीखालीं उभारलेल्या इग्वानोडॉनच्या पुतळ्यांच्या नाकावर तें शिंग आजही दिसतें. १८७८ सालीं बेल्जममध्यें बर्निसार येथील कोळशाच्या खाणींत, ३०० मीटरांहून अधिक खोल, इग्वानोडॉनचे तीसांहून अधिक सांगाडे सांपडले, आणि लुई डोलो यानें दाखवून दिलें कीं तें शिंग नव्हे. तो पुढच्या पायाचा अंगठा आहे.

दांत कोरून पोट भरत नाहीं, ही म्हण मॅन्टेलच्या घरीं अक्षरशः खरी ठरली. १८३३ सालीं एका उमरावानें दिलेल्या १००० पौंडांच्या आधारानें तो ब्रायटन येथें राहावयास गेला. राजेरजवाड्यांच्या त्या शहरांत वैद्यकी भरभराटेल ही अपेक्षा. आले ते रोगी नव्हत, जीवाश्म पाहणारे! बैठकीपासून जिन्यापर्यंत सारें घर संग्रहालय होऊन गेलें; पत्नीला आणि मुलांना पाय ठेवायला जागा उरेना. पाहावयास येणाऱ्यांकडून पैसे घ्यावयाचेंही त्याच्या जिवावर येई. शेवटीं १८३८ सालीं सबंध संग्रह विकण्याची पाळी आली. त्यानें ५००० पौंड मागितले. ब्रिटिश म्यूझिअमनें ४००० दिले. १८३९ सालीं मेरी अॅन घर सोडून गेली. १८४० सालीं मुलगी वारली; मुलगा वॉल्टर त्याआधींच न्यूझीलंडला निघून गेला होता. १८४१ च्या ऑक्टोबरांत गाडीवरून पडून लगामांत गुंतलेला मॅन्टेल जमिनीवरून फरफटत गेला. पाठीच्या कण्याचें तें दुखणें उरलेलीं अकरा वर्षे त्यानें अफूवर काढलें, आणि १० नोव्हेंबर १८५२ रोजीं अफूच्या अधिक मात्रेनेंच त्याचा अंत झाला. या यातनांच्या काळांतही त्यानें मेडस्टनचीं हाडें पुन्हां तपासून, इग्वानोडॉनचे पुढचे पाय मागच्यांपेक्षां बारीक होते हें ओळखलें होतें. ओवेनच्या हत्तीसारख्या पुतळ्यापेक्षां हें अनुमान सत्याच्या किती तरी जवळ होतें.

एकट्या दांतानें पंडितांना चकविल्याचा प्रकार पुढेंही थांबला नाहीं. १८५६ सालीं अमेरिकेंत जोसेफ लायडी यानें जूडिथ नदीच्या खोऱ्यांतून आलेल्या अशाच सुट्या दांतांना नांवें दिलीं. त्यांपैकीं ‘ट्रूडॉन’ हें नांव तर एकाच लहानशा दांतावर उभें होतें. लायडीला तो सरड्याचा वाटला. १९२४ सालीं तो जाड कवटीच्या एका चारा खाणाऱ्या डायनोसॉरच्या पदरीं बांधला गेला. १९४५ सालीं तो तेथूनही सुटून पक्ष्यांसारख्या चपळ, दोन पायांवर धांवणाऱ्या डायनोसॉरांच्या घराण्यांत आला. दांत तोच, घराणीं तीन.

महाराष्ट्राचाही एक दांत या मालिकेंत आहे. नागपूरजवळच्या टाकळी येथील खडकांत सांपडलेल्या एका दांताचें वर्णन रिचर्ड लिडेकर यानें १८९० सालीं केलें, आणि तो दक्षिण आफ्रिकेंतील मॅसोस्पाँडिलस या लांब मानेच्या, मुख्यतः पाला खाणाऱ्या प्राण्याच्या वंशांत घातला. वास्तविक मॅसोस्पाँडिलस हा टाकळीच्या दांताहून दहा कोटि वर्षांहून अधिक जुना. आज तो दांत मांसाहारी डायनोसॉरचा मानला जातो. नागपूरच्या त्या परिसरांत जीवाश्म जमविण्याचा पाया मिशनरी स्टीफन हिस्लॉप यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घातला होता. त्याच्या नांवाचें महाविद्यालय नागपुरांत सर्वांच्या परिचयाचें आहे; त्याच्या दगडांची आठवण मात्र थोड्यांनाच असते.

आजचा जाणता छंदी मनुष्य दांत हातीं आल्यावर प्रथम नांव शोधीत नाहीं. तो आधीं विचारतो, कोठून आला, कोणत्या थरांतून आला? ठिकाणाची नोंद नसलेला दांत कितीही सुंदर असला तरी अर्धा मुका असतो; कारण त्या ठिकाणीं, त्या काळीं कोणकोणते प्राणी होते हें ठाऊक असल्याशिवाय तुलना कोणाशीं करावयाची? मग आकार. चपटा, मागें वांकलेला, सुरीच्या पात्यासारखा दांत मांसाहारी प्राण्याचा. त्याच्या धारेवरचे बारीक दाते पांच मिलिमीटर लांबींत किती आहेत हें भिंगाखालीं मोजतात, आणि पुढची व मागची धार वेगवेगळी मोजतात. गोल, सुळ्यासारखा आणि धारेवर दाते नसलेला दांत दिसला कीं आधीं मगरीचा संशय घ्यावा. अनेक हौशी लोकांचा पहिला ‘डायनोसॉर’ असा मगरच निघतो. मुळाच्या जागीं खळगा असेल तर तो दांत जिवंत प्राण्यानें टाकलेला, मुळासकट असेल तर बहुधा प्राणी मेल्यावर जबड्यांतून निखळलेला. बाजारांतून घेणाऱ्याला आणखी एक डोळा लागतो. मोरोक्कोंतून जे दांत विक्रीस येतात त्यांत एकाचें टोंक आणि दुसऱ्याचें बूड डिंक व वाळूनें सांधून एक मोठा दांत केलेले नमुने पुष्कळ असतात. भिंगाखालीं कंगोऱ्यांच्या रेघा सांध्यापाशीं तुटलेल्या दिसतात. आणि एवढें सगळें करूनही पुष्कळदां चिठ्ठीवर कुळाचें नांवच लिहितां येतें, जातीचें नाहीं. प्रामाणिक संग्राहक तेथेंच थांबतो. विकणारा थांबत नाहीं, कारण पुरें नांव लिहिलें कीं किंमत वाढते.

इग्वानोडॉनच्या नांवाचेंही शेवटीं तसेंच झालें. ससेक्सच्या त्या मूळ दांतांवरून जात निश्चित ठरवितां येत नाहीं, तसे दांत असलेले एकाहून अधिक प्राणी त्या काळीं होते, हें जसजसें उघड झालें तसतसा नांवाचा पायाच डळमळूं लागला. अखेर २००० सालीं प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें इग्वानोडॉन हें नांव त्या दांतांवरून काढून बर्निसारच्या सांगाड्यांच्या जातीवर बसविलें. मेडस्टनचीं हाडें तर आज इग्वानोडॉनचीं मानलींच जात नाहींत. आणि २००७ सालीं इग्वानोडॉनमधून वेगळ्या काढलेल्या दुसऱ्या एका प्राण्याला ‘मॅन्टेलिसॉरस’ असें नांव मिळालें.

मॅन्टेलचे बहुतेक दांत विक्रीबरोबर ब्रिटिश म्यूझिअमकडे गेले. एक मात्र वॉल्टरच्या मार्फत न्यूझीलंडला पोंचला आणि आज वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्याच्यासोबतच्या टिपणांत लिहिलें आहे कीं, क्युव्हिएकडे पाठविलेला पहिला दांत तो हाच, आणि त्यानें हा गेंड्याचा ठरविला होता.